गेटचा पेपर कोणता घ्यायचा?

थर्ड इयर लागलं की मेसमध्ये एक प्रश्न हमखास निघतो, 'गेट देणार का?' सगळे 'हो' म्हणतात. पण 'कुठला पेपर?' असं विचारलं की आपल्या ब्रँचचं नाव सांगून मोकळे! मीही त्यातलीच. गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मात्र हे वाटतं तेवढं सोपं नाही हे कळलं.

आधी सगळ्यांना लागू असलेली माहिती. गेटमध्ये सध्या 30 पेपर आहेत. 2021 पासून थर्ड इयरलाही बसता येतं, आणि त्याच वर्षापासून दोन पेपर द्यायची सोय झाली. पण दुसरा पेपर ठरवून दिलेल्या जोड्यांमधूनच घ्यावा लागतो, मनाला येईल तो नाही. कुठलाही पेपर घ्या, 65 प्रश्न, 100 मार्क, 3 तास. त्यातले 15 मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. स्कोअर 3 वर्षं चालतो, म्हणजे पेपर चुकला तर नुसती फी वाया जात नाही, वर्षंही जातात.

आता माझी गोष्ट. मी सिव्हिलची, आणि घर कोयनानगरला. आमच्याकडे भूकंप म्हणजे पुस्तकातला धडा नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 6.3 क्षमतेचा भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. अजूनही जमीन जराशी हलली की ती काही न बोलता उठून अंगणात जाते. त्यामुळे 'पुढे भूकंपावरच शिकायचं' हे माझं फर्स्ट इयरपासून ठरलेलं होतं. आणि भूकंप म्हटलं की पेपर कोणता? जिऑलॉजी अँड जिओफिजिक्स, म्हणजे जीजी! सिव्हिलचा सीई सोडून मी जीजीचा फॉर्म भरायला निघाले होते.

तेव्हा बाबांनी एक प्रश्न विचारला. "तुला जमिनीचं कोडं सोडवायचंय की धरणाचं?"

मला वाटलं दोन्ही एकच. पण नाही हो! कोयनेच्याच गोष्टीत दोन वेगळ्या वाटा आहेत. एक प्रश्न असा की जमीन हललीच का? शिवसागर जलाशयात पाणी साठल्यावर इथे भूकंप का सुरू झाले, यावर जगभर अभ्यास झालाय. त्यासाठीच गोठणे इथे 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, 2017 मध्ये ते पूर्ण झालं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर बसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट. कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे. हे काम जिऑलॉजी आणि जिओफिजिक्सवाल्यांचं.

दुसरा प्रश्न, जमीन हलल्यावर 103 मीटर उंचीच्या धरणाचं काय झालं? उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास धरणाला तडे गेले, पण धरण टिकलं. नंतर मागून आधार बांधून ते मजबूत केलं. धरणातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रावर त्या दिवशीचे हादरे नोंदले गेले, गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत! ती नोंद घेऊन आजही जगभरचे इंजिनिअर आपापले प्रोग्रॅम तपासतात. अबॅकस सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये सुद्धा कोयना धरणाचं उदाहरण आहे. (ते बघून मला जो आनंद झाला तो रूममेटला अजिबात कळला नाही.) हे काम स्ट्रक्चरवाल्यांचं, आणि त्याची वाट सीई पेपरातून जाते. रुरकीला भूकंप अभियांत्रिकीचा विभाग 1960 पासून आहे, तिथे धरणं-इमारतींच्या डायनॅमिक्सला जायचं तर सिव्हिलवाल्याला सीईच लागतो.

तरी मन मानेना. म्हणून एका रविवारी घड्याळ लावून सीईचा जुना पेपर सोडवला, दुसऱ्या रविवारी जीजीचा. सीईत 34 आले, जीजीत 17. जीजीत इंजिनिअरिंग मॅथ्सचा वेगळा भाग नाही, 15 सोडून बाकी 85 विषयाचेच. त्यात भूकंपशास्त्र आवडलं, पण खनिजं आणि खडक आले की मी नुसते पर्याय मोजत बसले. सीईत गणिताचे 13 मार्क तरी हातचे वाटतात. आणि खरं सांगायचं तर धरणाचे प्रश्न सोडवताना तीन तास कधी गेले कळलंच नाही.

आमच्या मजल्यावरची चर्चा मात्र वेगळीच चालते. "अमक्या पेपरला गर्दी कमी, रँक चांगला येतो." अगं, पण गर्दी कमी तिथे सीटही कमी असतात! मेकॅनिकलच्या दोघी यासाठीच प्रॉडक्शनचा पीआय घ्यायच्या विचारात आहेत. त्यांना प्रॉडक्शनच शिकायचं असेल तर उत्तम. नाहीतर आधी ज्या एम.टेक.ला जायचं त्याची माहितीपुस्तिका उघडा. कुठला पेपर चालतो ते तिथे कोडसकट लिहिलेलं असतं. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीतही तसंच.

'दोन्ही देऊन टाकू' हा उपाय मी एकदा करून बसलेय. बारावीला सीईटीत पीसीएम आणि पीसीबी दोन्ही ग्रुप भरले. पीसीएमच्या 200 पैकी 100 मार्क एकट्या गणिताचे, एकेक प्रश्न 2 मार्कांचा. मी शेवटचे दोन महिने बायोलॉजी वाचली. गणितात व्हायचं ते झालं. म्हणून दुसरा पेपर पहिल्याच्या अभ्यासात बराचसा बसत असेल तरच घ्या, असं माझं मत.

अजून एक. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, त्यामुळे आपल्याला ठोकायची सवय. गेटमध्ये एका पर्यायाच्या प्रश्नात 1 मार्काला 1/3 आणि 2 मार्कांना 2/3 कापतात. आकडा लिहायच्या आणि अनेक पर्यायांच्या प्रश्नांत कापत नाहीत, पण अनेक पर्यायांत एक जरी राहिला तरी शून्य. जुना पेपर तपासताना कापायचे मार्क प्रामाणिकपणे कापा, नाहीतर दोन पेपरांची तुलना खोटी पडते. माझ्या 17 पैकी 4 मी आधी कापलेच नव्हते, खरे 13!

मी सीई भरतेय. जीजीचे पाच वर्षांचे पेपर झेरॉक्स करून माझ्याकडे पडून आहेत. जमिनीचं कोडं ज्यांना सोडवायचंय त्यांनी मेस सुटल्यावर रूमवरून घेऊन जावेत.