धान्य पिकते, तरी ताट अर्धे का?



आळवी नगरातली कथा आपण वर्षावासात ऐकतो. हरवलेला बैल शोधून थकलेला गरीब शेतकरी उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवायला वाढायला सांगितले, मग उपदेश केला. भूक हा रोग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आज भारत जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करतो. आपल्या हिंगोलीतून सोयाबीन आणि हळद बाहेर जाते. तरी वस्तीत लेकरांचे दंड मोजताना पट्टी लाल रंगावर येते. असे का?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पण 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. राबणाऱ्या माणसाचे त्यात भागत नाही. उरलेले धान्य, डाळ, तेल, भाजी विकतच घ्यावी लागते. सुगी सरली, मजुरी थांबली की पहिली काटकसर डाळीत होते. पुरुष आणि पाहुणे आधी जेवतात, बाईच्या वाट्याला खरवड उरते. मग रक्त कमी, बाळ कमी वजनाचे. ही भूक पोट भरल्यासारखी दिसते, म्हणून कळत नाही.

आपण काय करायचे?

- ऊसतोडीला जाताना रेशनकार्डाचा नंबर आणि आधार सोबत ठेवा. दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळते.
- दुकानदाराने कमी दिले तर पावती मागा, 1967 वर तक्रार करा.
- दहा किलो दळणात एक किलो भाजलेले सोयाबीन घाला. कच्चे खाऊ नका.
- घरात सगळे एकत्र जेवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आधी वाढा.
- सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड अंगणवाडीत मोजून घ्या. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

रेशन ही कुणाची मेहरबानी नाही. लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम 47 सांगते. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर आपापली कार्डे घेऊन बसू. कुणाचे नाव कार्डात नाही, कुणाचे धान्य बंद झाले, ते लिहून काढू आणि मिळून तहसीलला जाऊ.