मनोविकार आणि लोकापवाद

शरीरास व्याधी जडली की घरची माणसे वैद्याकडे धाव घेतात. मन आजारी पडले की तीच माणसे दार लावून घेतात. कोणी भूतबाधेचा संशय घेतो, कोणी पूर्वजन्मीच्या पापाकडे बोट दाखवितो. बहिणीचे लग्न मोडेल, नोकरी जाईल, या भयाने आजार लपविला जातो. उपचारांस विलंब झाल्याने विकार बळावतो आणि बळावलेला विकार पाहून ‘हा रोग बरा होतच नाही’ ही समजूत अधिकच दृढ होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. डॉक्टरांची वाण हे त्याचे एक कारण. लोकापवादाचे भय हे दुसरे.

या उपेक्षेचे भीषण रूप ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही; २८ जण मृत्युमुखी पडले.

याहून निराळी वाट मात्र देशात पूर्वीच चोखाळली गेली होती. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहण्यास बोलाविले. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. रुग्णाला आपण टाकले गेलो असे वाटेना; आणि आजार उपचाराने कसा ओसरतो, हे कुटुंबाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जे उपदेशाने पटत नाही, ते सहवासाने पटले.

कायद्याची दृष्टीही हळूहळू पालटली. १९१२ च्या ब्रिटिश कायद्याने रुग्णास ‘वेडा’ ठरवून त्याला बंदिस्त ठेवण्यावर भर दिला होता. १९८७ च्या कायद्याने तो रद्द झाला, आणि पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क मानून त्याला साखळीने बांधण्यास मनाई केली.

तथापि शेजाऱ्याची नजर कायद्याने बदलत नाही. बऱ्या होऊन परतलेल्या माणसास पुन्हा काम देणे, त्याच्या घरी पूर्ववत जाणे-येणे ठेवणे, ‘वेडा’ हा शब्द थट्टेतही न वापरणे, एवढे कोणासही करता येईल. आजार सांगण्याची लाज जिथे उरत नाही, तिथे उपचार वेळेवर सुरू होतात.