पिलांच्या डोळ्यात एक थेंब

आपल्या नांदेड-लातूरकडे गावोगाव दारात पाच-सात कोंबड्या असतात. त्यांच्यासाठी कोणी खाद्य विकत आणत नाही. अंगणात सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे, घरातले शिळे तुकडे, एवढ्यावर त्या जगतात. मीठमिरचीचा पैसा, पोराच्या वहीचा पैसा, दवाखान्याला जायचे गाडीभाडे, हे बाईच्या हाती कोंबडीमुळे येते. हा पैसा तिचा स्वतःचा असतो. म्हणून खुराडे रिकामे झाले की नुकसान आधी तिचे होते.

खुराडे कशाने रिकामे होते? घार दोन पिले नेते. मुंगूस एखादे नेते. पण मर लागली तर चार-सहा दिवसांत सगळे खुराडे जाते. कोंबडी सुस्त बसते. पंख गाळते. चोच उघडून श्वास घेते. हिरवट, पातळ हगते. काहींची मान पिळल्यासारखी वाकडी होते. म्हणून या रोगाला मानमोडी म्हणतात. पुस्तकातले नाव राणीखेत. राणीखेत हे हिमालयातल्या कुमाऊं भागातले गाव आहे. १९२७-२८ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग तिथे ओळखला गेला. त्याच्या थोडे आधी, १९२६ साली, तो जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावाजवळ दिसला होता. बाहेरच्या देशांत त्याला न्यूकॅसल म्हणतात. रोग एकच.

या रोगाला औषध नाही. कोणी लसूण चारतो, कोणी माणसाच्या गोळ्या फोडून पाजतो. हा रोग विषाणूचा आहे. त्या गोळ्यांनी विषाणू मरत नाही. रोग यायच्या आधी लस टोचून घेणे, एवढेच आपल्या हाती आहे.

एखादी आजी म्हणते, “आमच्या येळंला कुठं व्हती लस? तरी कोंबड्या जगल्याच की!” जगल्या आजी, खरे आहे. पण कोंबडीखाली दहा अंडी ठेवली, तर त्यातली मोठी किती झाली, तेही आठवून बघा.

आता पिलांकडे येऊ. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ व्या दिवसाच्या आसपास पिले निघतात. आई असली की उबेची काळजी नाही. दिवसा पिले मोठ्या डालग्याखाली ठेवावीत, म्हणजे घार आणि मांजर दोन्ही टळतात. पण विकत आणलेल्या पिलांना आई नसते. त्यांना विजेच्या दिव्याची ऊब द्यावी लागते. खाली भाताचे तूस किंवा भुईमुगाच्या टरफलांचा चुरा पसरावा. भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे. गोल का? कोपरा असला की थंडीने पिले तिथे एकावर एक चढतात. खालची गुदमरून मरतात.

ऊब बरोबर आहे का, हे पिलेच सांगतात. ती दिव्याखाली गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजते. दिवा खाली घ्या. ती दिव्यापासून दूर पळाली आणि चोच उघडून धापा टाकू लागली, तर उकडते. दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून खेळत असली, तर ठीक आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसा दिवा लागतही नाही. रात्री मात्र बघावे.

पाणी उथळ थाळीत द्यावे. थाळीत चार खडे टाकावेत, म्हणजे पिलू बुडत नाही. ज्वारीची किंवा मक्याची बारीक भरड आणि थोडी पेंड द्यावी. बुरशी आलेली पेंड कधीही देऊ नये. ते विषच आहे.

पाचव्या ते सातव्या दिवशी पहिली लस द्यायची. तिचे नाव लासोटा. पिलाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एकच थेंब टाकायचा. थेंब आत जिरेपर्यंत पिलू हातात धरायचे. लगेच सोडले, तर ते मान झटकते आणि थेंब वाया जातो. आजारी पिलाला लस देऊ नये. लस दिली की त्याच दिवशी ताकद येत नाही. आठ-दहा दिवस लागतात. म्हणून शेजारी मर लागल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नाही.

अडचण आहे ती बाटलीची. एका बाटलीत शंभर पिलांची, कधी त्याहून जास्त पिलांची लस असते. आपली पिले नऊ. बाटलीतल्या भुकटीत पाणी मिसळले की एक-दोन तासांत ती संपवावी लागते. उरलेली उद्याला चालत नाही. मग एकट्या बाईने बाटली आणावी कशी? गल्लीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा. सकाळी लवकर, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी. लस दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात आणावी. ऊन लागले की लस मरते. मेलेली लस डोळ्यात टाकली काय आणि साधे पाणी टाकले काय, सारखेच. बाटलीवरची शेवटची तारीख वाचून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. तोवर आपले डोळे चोळू नका, नाही तर डोळे येतात.

चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा द्यावी. आठव्या आठवड्यात आर-टू-बी नावाची लस जनावरांच्या दवाखान्यात टोचून घ्यावी. ही लस उत्तराखंडातल्या मुक्तेश्वर येथे तयार झाली. देवीची लसही याच सुमारास पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. विकतची पिले असतील, तर १४ व्या दिवशीच्या गंबोरो लसीचेही डॉक्टरांना विचारावे.

लस झाली तरी बाजारातून आणलेली कोंबडी लगेच खुराड्यात सोडू नये. माळेगावच्या जत्रेतून आणा की हाळीच्या बाजारातून, दोन आठवडे ती वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये. कुत्री आणि कावळे रोग गावभर नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेही त्याच रोगाने. लासोटा त्या रोगाला चालत नाही. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर हात लावू नये, खाऊ नये. दवाखान्याला कळवावे.

तारखा लक्षात राहत नाहीत. खुराड्याजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. पिले १ फेब्रुवारीला निघाली असतील, तर असे लिहा: पहिला थेंब ७ फेब्रुवारी. दुसरा थेंब २८ फेब्रुवारी. टोचणी मार्चअखेर.