बांधावर लावण्याआधी झाड थोरपणी पाहा

सभासद बंधूंनो, कामानिमित्त पुण्याला जाणे होतेच. त्यातून तासभर काढून एम्प्रेस गार्डन पाहून यावे, असे आमचे सांगणे आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळत असलेली ही बाग सुमारे ३९ एकरांची आहे. तिथला गारंबीचा वेल तर पाहाच. वेल कसला, खोडच म्हणा! गारंबीची शेंग हातापेक्षाही लांब भरते.

पण आपले खरे काम झाडांशी. रोपवाटिकेत सगळी रोपे वीतभरच असतात; पुढे कोण किती पसरेल हे तिथे उमगत नाही. ते बागेत दिसते. बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत पावले मोजा. बारा भरली, तर बांधापासून बारा पावले ऊस त्या झाडाखाली येणार. मग खाली बघा, गवत वाढलंय की जमीन उघडी? मुळ्या वर आल्यात का? पाटी असेल तर नाव वहीत उतरून घ्या.

सावलीतल्या उसाला फुटवे कमी येतात, कांडी बारीक राहते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिण बांधावरच्या डेरेदार झाडाची सावली आपल्याच उसावर पडते. उत्तर बांधावर लावाल तर शेजाऱ्याच्या! मग वाद कुठवर जातात ते आम्ही सांगायला नको. त्याला आधी विचारा. चिंच, वडासारखी झाडे वस्तीजवळ किंवा पडीक जागेत बरी. बांधाला शेवगा, हादगा चालतो. सावली विरळ, आणि छाटता येतो.