ताप उतरल्यावरही मुलाकडे बघा

मूल तापलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती आहे?’ शंभर, एकशे दोन, एकशे तीन. आकडा चढला की सगळ्यांचा जीव खालीवर होतो, उतरला की हुश्श करून सगळे जेवायला बसतात. या आकड्यावर विसंबणं किती धोक्याचं असतं, हे माझ्या धाकट्याच्या डेंगीने आम्हाला शिकवलं. तेव्हापासून नात्यातल्या, शेजारपाजारच्या लेकी-सुनांना मी एकच सांगत आले आहे. ताप जरूर मोजा, पण दवाखान्यात जायचं की नाही हे मुलाकडे बघून ठरवा. पितंय का, लघवी होतेय का, श्वास कसा चाललाय, हाक मारली की नीट बघतंय का?

आम्ही सोलापूरकर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे घरोघरी पिंपं, बॅरल, हौद भरलेले. डेंगीच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पावसाळा सरता सरता आमच्या गल्लीत ताप सुरू झाला, तसा धाकट्यालाही आला. तेव्हा तो पाच वर्षांचा. अंग मोडून आलेलं, डोळे दुखतात म्हणून रडायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंगी निघाला. पॅरासिटामॉल द्या, भरपूर पाणी पाजा आणि काही वेगळं वाटलं तर लगेच आणा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. अंग निवालं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पोरगं मात्र गादीवर गप्प पडून होतं. पोट दुखतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. अशक्तपणा असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. दुपारी सासूबाई त्याच्या पायथ्याशी बसल्या होत्या, त्यांनी तळवे हातात धरले आणि मला हाक मारली. “अगं, पाय गारठलेत याचे. सकाळपासून शू तरी केलीय का यानं?” कुणालाच सांगता येईना. आम्ही तसेच रिक्षात घालून त्याला मुलांच्या दवाखान्यात नेलं. नाडी जलद, रक्तदाब खाली गेलेला. लगेच सलाइन लागलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर आम्हाला बसवून समजावलं. डेंगीत खरा धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो. आत उरलेलं रक्त दाट होतं, दाब पडतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. तेवढ्यात योग्य प्रमाणात द्रव मिळाले तर बहुतेक मुलं सुखरूप बाहेर येतात. म्हणून पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गार हातपाय, गुंगी किंवा उगाच तळमळ, सहा तासांत लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून थांबायचं नाही.

दवाखान्यात असताना ज्याचा त्याचा फोन यायचा, ‘प्लेटलेट किती?’ पुन्हा आकडाच. प्लेटलेट मोजतात, पण डॉक्टर त्याहून जास्त लक्ष रक्त किती दाट झालंय, नाडी कशी आहे आणि लघवी किती होतेय याच्याकडे देत होते. कुणी पपईच्या पानांचा रस पाठवला होता. उलट्या होणाऱ्या मुलाच्या घशात तो कडू रस ओतायला डॉक्टरीणबाईंनी साफ मनाई केली. डेंगीचा नुसता संशय असला तरी आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो, हेही त्यांनी बजावलं. आणि ॲस्पिरिन तर लहान मुलांना कुठल्याच तापात आपल्या मनाने द्यायची नसते.

श्वासाचंही तसंच. खोकला किती आहे यावर आपण घाबरतो किंवा निर्धास्त होतो, पण न्यूमोनिया ओळखायचा असेल तर श्वास मोजावा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या दायांना आणि आरोग्य कार्यकर्त्यांना नेमकं हेच शिकवलं. ज्यांना आकडे मोजणं जड जायचं त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं साधं साधन केलं. श्वास जलद असलेल्या मुलांना गावातच औषध मिळू लागलं आणि न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. जे तिथल्या दाया शिकल्या ते कुठल्याही आईबापाला जमेल.

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातलं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, मूल कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर मोजतही बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

खोकल्याच्या औषधाबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप घेतलेली लहान मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. सर्दी-खोकल्यासाठी औषध घेतलेल्या मुलांची लघवी बंद होत गेली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यानंतर केंद्र सरकारनेही पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या आत ती सहसा लागतच नाहीत. साधी सर्दी आठवडाभरात आपोआप जाते, खोकला त्याहून थोडा जास्त रेंगाळतो. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको, घुटीतूनसुद्धा नको. मेडिकलवाल्याने दिलं, मागच्या वेळची अर्धी बाटली उरली होती, शेजारच्या मुलाला लागू पडलं, ही कारणं सोडून द्या.

जुलाबाची गोष्ट वेगळी, कारण त्याचा निम्मा इलाज आपल्याच हातात असतो. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलराची साथ पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत करून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. शेकडो जीव त्यावर वाचले. आजचं ओआरएस त्याच वाटेवरचं. अख्खी पुडी मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात, असा अंदाजपंचे प्रकार नको, त्याने क्षार जास्त होतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, ती याचसाठी. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवा. डॉक्टर झिंक लिहून देतात, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा.

आणि ‘दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत’ असं म्हणून स्वस्थ बसू नका. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं किंवा मूल प्यायलाच तयार नसेल तर उठायचं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र मी वरचं काहीच लावत नाही. तिथे १००.४ ताप एवढंच पुरेसं आहे. बाळ हसत असो वा झोपलेलं, त्याच वेळी डॉक्टरकडे, रात्र असली तरी. इतकं लहान बाळ ओढून पीत नसेल किंवा अंग गार पडत असेल तर तेही तितकंच गंभीर.

तापात झटका आला की घराची पार दाणादाण उडते. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं, यातलं काही करू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान दूर करा, घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांतले बरेचसे झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. त्यापुढे गेला तर १०८ ला फोन. थांबला तरी, पहिलाच असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. बाटलीवरचं नाव वाचता तसा आकडाही वाचा. तान्ह्यांच्या थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, १२५ च्या सिरपमध्ये तेवढ्यासाठी चार मिली लागतात. थेंबांची बाटली उघडून सिरपच्या मापाने दिलं तर चौपट औषध जातं. एकशे दोन ताप असूनही औषधानंतर खेळणारं, पाणी मागणारं मूल घरी सांभाळता येतं. तीन दिवसांपुढे ताप राहिला तर मात्र ते खेळत असलं तरी दाखवा.

दवाखान्यात निघताना दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत टाका. ताप कधी आला, शेवटची लघवी कधी झाली, किती वेळा उलटी झाली, हे एका कागदावर लिहा, कारण तिथे गेल्यावर काही आठवत नाही. मूल सुस्त असेल तर नंबर लावून गुमान बसू नका. काउंटरवर जाऊन मोठ्याने सांगा, “मूल काही पीत नाही, सकाळपासून लघवी नाही, हातपाय गार आहेत, आधी यालाच बघा.”