कुंडीतली पांढरी अळी : मारायची की पाळायची?

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीतली माती बदलताना करंगळीएवढ्या जाड, अर्धवर्तुळात वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. ही हुमणीच का? माझ्या मुलीला त्या पाळून पाहायच्या आहेत. जमेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पांढरी, जाड, वळलेली अळी दिसली की आपण हुमणी म्हणतो आणि चेचून टाकतो. पण हुमणीसारख्या दिसणाऱ्या सगळ्याच अळ्या पिकाच्या वैरी नसतात. म्हणून आधी तिला चालू द्या.

अळी वर्तमानपत्रावर ठेवा आणि मिनिटभर थांबा. ती उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या कुळातली आहे. तिचं डोकं अंगाच्या मानाने लहान आणि पाय आखूड असतात. ती कुजलेला पालापाचोळा खाते, त्यामुळे खताच्या ढिगात ती उपयोगाचीच. हुमणीला मात्र असं उताणं चालता येत नाही. ती कुशीवर वळून पडते, नाहीतर पायांनी ओढत पुढे जाते. ती ऊस, भुईमूग आणि कुंडीतल्या रोपांची मुळं कुरतडते. उकिरड्यात किंवा कुजक्या माडाच्या खोडात अंगठ्याएवढी जाड अळी सापडली, तर ती गेंड्या भुंग्याची असू शकते. ती कुजकंच खाते, पण तिचा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो.

तुमची अळी उताणी चालत असेल, तर ती खुशाल पाळा. झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी घ्या. तिच्यात वीतभर जुनं, पुरतं कुजलेलं पानखत भरा. ताजं शेण नको, ते तापतं. ओल मुठीने तपासा : खत आवळल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. कीटकनाशक पडलेली माती वापरू नका. बरणी सावलीत ठेवा. खताच्या जागी बारीक लेंड्याच दिसू लागल्या की वरचं खत बदला.

अळी दोनदा कात टाकून वाढते. मग एक दिवस ती दिसेनाशी होते आणि खतात सुपारीसारखा मातीचा गोळा सापडतो. आत कोष असतो. तो फोडू नका, हलवू नका. मुलीला सगळ्यात जास्त धीर इथेच धरावा लागेल. भुंगा स्वतः गोळा फोडून बाहेर येईल, तेव्हा त्याला बागेत सोडून द्या.

हुमणी निघाली, तर निरीक्षण करा, पण भुंगे सोडू नका. वळवाच्या पावसानंतर ते संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि मग मादी पुन्हा मातीत अंडी घालते. कुंडीतली माती उन्हात पसरा, साळुंक्या अळ्या वेचतील. मात्र औषधाची बाटली उघडण्याआधी अळी कशी चालते ते एकदा नक्की बघा.