औषधाची पारख

बाजारात मडके घेताना आपण काय करतो? टिचकी मारून आवाज ऐकतो. बैल घेताना दात बघतो, चार पावले चालवून पाहतो. मग औषध खरे की खोटे, हे कसे बरे ओळखायचे? एका डॉक्टराने ते कसे ओळखले, त्याची ही हकिगत आहे.

आपल्या पोटात मोठे आतडे असते. कधी कधी त्याला आतून सूज येते, व्रण पडतात. माणसाला पुन्हा पुन्हा परसाकडे जावे लागते. रक्त पडते. अंग वाळत जाते. हा रोग आवेसारखा दिसतो, पण ही आव नव्हे. आव जंतूंमुळे होते. या रोगात शरीराची राखण करणारी शक्तीच आतड्यावर उलटते. कुंपणच शेत खाते म्हणा ना! रोगाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

पूर्वी हा रोग बळावला की माणसे दगावत. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे सिडनी ट्रूलव्ह नावाचे डॉक्टर होते. तेव्हा कॉर्टिझोन हे औषध नवे होते. ट्रूलव्ह आणि त्यांचे सहकारी विट्स यांनी ठरवले, ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही. पारखून घ्यायचे.

त्यांनी २१० रोग्यांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाईल, हे कुणाच्या मर्जीवर ठेवले नाही. १०९ जणांना कॉर्टिझोनच्या गोळ्या दिल्या. १०१ जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. बाकी देखभाल सर्वांची सारखी.

दुसरा गट कशाला? कारण काही रोग्यांना आपोआपच आराम पडतो. त्या वेळी अंगारा लावलेला असला, तर अंगाऱ्याचे नाव होते. औषधाने किती आणि आपोआप किती, हे दोन गट शेजारी ठेवल्यावरच कळते.

सहा आठवडे झाले. कॉर्टिझोनच्या गटात ४५ जणांची लक्षणे थांबली. दुसऱ्या गटात फक्त १६ जणांची. १९५५ साली हा हिशेब छापला गेला. औषध खरे ठरले. मात्र रोग मुळासकट गेला नाही. तो पुन्हा उलटू शकतो.

या रोगावर सल्फासॅलझीन हे आणखी एक औषध होते. ते स्वीडनच्या नाना स्वार्त्झ या बाईंनी शोधले. त्यात दोन पदार्थ जोडलेले असतात. गुण कोणाचा? १९७७ साली बांगलादेशचे डॉक्टर आझाद खान यांनी ट्रूलव्ह यांच्याबरोबर दोन्ही पदार्थ वेगवेगळे देऊन पाहिले. गुण एकाचाच निघाला. दुसऱ्याने बहुधा त्रासच होत होता. मग गुणाचा पदार्थ तेवढाच घेऊन नवी औषधे निघाली.

आता पित्ताच्या नळ्यांकडे वळू. यकृतात पित्त तयार होते. ते बारीक नळ्यांतून आतड्यात येते. काही लोकांच्या या नळ्या सुजतात, आत वण पडून अरुंद होतात. पाटात गाळ साचला की पाणी तुंबते, तसे पित्त तुंबते. अंगाला खाज सुटते, कावीळ होते. १९८० साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील रॉजर चॅपमन, शीला शेरलॉक आदी डॉक्टरांनी अशा २९ रोग्यांची माहिती छापली. त्यांतल्या बहुतेकांना मोठ्या आतड्याचाही रोग होता. म्हणून आतड्याच्या रोग्याचे रक्त तपासून यकृतही बघतात. नळ्यांचा हा रोग पुरता बरा करणारे औषध अजून नाही. यकृत फारच बिघडले, तर दुसऱ्याचे यकृत बसवावे लागते.

मंडळी, यातून आपण काय घ्यायचे? शौचावाटे रक्त पडत असेल, तर लाजू नका, लपवू नका. दवाखान्यात जा. कावीळ झाली तर माळ घालून, झाडपाला खाऊन दिवस घालवू नका. कॉर्टिझोनसारखी गोळी चालू असेल, तर बरे वाटले म्हणून एकदम सोडू नका. त्याने जीव धोक्यात येऊ शकतो. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते.

आणि कोणी म्हणाला, "आमच्या औषधाने दहा जण बरे झाले," तर शांतपणे विचारा, "बाबा, औषध न घेता किती बरे झाले?"

प्रश्न
१. ट्रूलव्ह यांनी दोन गट का केले?
२. पित्त तुंबले की काय होते?
३. तुमच्या गावात काविळीवर काय करतात? ते कोणी पारखले आहे का?